पुठ्ठा

टाकीचं काम झाल्यावर उरलेला
साडेचार फूट जीआय पाइप
जिन्याखाली पडून होता.
मला वाटलं, झालंच की.

सोसायटीत पाचोळा फार. वॉचमन रोज पेटवतो,
आणि तिसऱ्या मजल्यावर पोंक्षेकाका रोज खोकतात.
म्हणून मी हे प्रेस करायला घेतलं,
पाचोळ्याच्या विटा पाडायचं.
सिलिंडर एका मेलेल्या जेसीबीचा,
पंप कुदळवाडीच्या भंगारातून, वजनावर.
बायको म्हणाली, पार्किंगमध्ये काय ते कर,
माझ्या टबात तेल दिसलं तर बघ.

भोसरीत, लांडेवाडीच्या अलीकडे
गव्हाणेबाईंचं होजचं दुकान.
पाटी: उधारी आणि गार्डन पाइप, दोन्ही मिळत नाहीत.
मी फक्त दोन निपल मागायला गेलो होतो.
"कशाला जोडताय?"
सांगितलं.
"दाब किती?"
असेल दोनशे बार. साधारण.
"साधारण," त्या म्हणाल्या,
आणि भातात खडा लागल्यासारख्या थांबल्या.

मग माझा पाइप उन्हाला धरून
आत नख फिरवलं.
"ही शिवण. पट्टी वळवून जोडलाय हा.
नळाला तीन बार लागतात, तेवढ्यापुरता जन्म याचा.
दोनशेला उसवेल, दिवाळीचा झब्बा उसवतो तसा.
फक्त झब्बा उसवला तर कुणी मरत नाही.
आणि हे जस्त, पापुद्रे सुटून
तुमच्या पंपाच्या घशात जाईल."
जाड आहे की चांगला, मी म्हटलं.
"जाड तर आमचे मेहुणेही आहेत."

काउंटरवर बिनशिवणीची नळी ठेवली.
जिथे काही हलणार तिथे होज,
पोटात तारेच्या दोन जाळ्या.
त्याच्या पाठीवर छापलेलं मला वाचायला लावलं,
मोठ्यानं, शाळेत लावतात तसं:
कामाचा दाब. महिना. वर्ष.
"फुटायचा आकडा याच्या चौपट.
तो आपला नाही. तो त्याचा."

पलीकडचा जुना होज निम्म्यात देतोय, मी सांगून पाहिलं.
त्यांनी कोपऱ्यातला एक जुना उचलून वाकवला.
बाकावर बारीक भेगा,
उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

अकराशे चाळीस झाले. मी नऊशे म्हटलं.
उत्तर नाही. मशीनचं पेडल दाबून
फेरूल आवळली, मग उजवा हात पुढे केला.
तर्जनीच्या मुळाशी पांढरा ओढलेला डाग,
आणि बोट, जे पूर्ण मिटत नाही.
"गळती चाचपली होती. इतकंच.
मुंगी चावल्यासारखं झालं. दुपारी डबा खाल्ला मी.
रात्री डॉक्टरांनी कोपरापर्यंत उघडला हात.
आत तेल होतं."

अकराशे चाळीस दिले.
निघताना त्यांनी एक खोका फाडला,
पुठ्ठा दिला. फुकट.
"गळतंय वाटलं तर हा फिरवा. हात नाही.
आधी दाब शून्य, मग पाना."

रविवारी सगळ्यांना खांबामागे उभं केलं,
पोंक्षेकाका मफलर बांधून.
काटा चढला. साठ. शंभर.
एकशे चाळीसला सुळसुळ काहीतरी.
ना थेंब, ना ओल.
हात आपोआप पुढे निघाला,
कुणाच्या कपाळावर ताप बघायला निघतो तसा.

मागे घेतला. सांडशीत पुठ्ठा धरला, लांबून.
तिसऱ्या नटापाशी त्यावर
सुईनं ओढावी तशी रेघ उमटली
आणि रेघेतून पलीकडचा उजेड दिसला.

दाब उतरवला. नट नीट बसवला;
घाईत तिरका गेला होता, चूक माझीच.
पहिली वीट पडली ती अर्धी सुटली.
पोंक्षेकाकांनी तरी ती घरी नेली.

पुठ्ठा मी टाकला नाही.
एका बाजूला बिस्किटांचं नाव आहे,
दुसऱ्या बाजूला, रेघेशेजारी,
पेन्सिलीनं लिहिलंय:
महिना. वर्ष.